घरटी एक नाव

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

पौर्णिमा,

जयभीम.

त्या सकाळी मी साडेपाचला उठलो, विहिरीवरून दोन हंडे पाणी आणलं, आयला चूल पेटवून दिली आणि तुला घेऊन नाक्यावर आलो. मुरबाडला तुझी शिवणकामाची परीक्षा होती. किन्हवलीवरून जाणारी एसटी. तू खिडकीशी बसलीस, पिशवीत कात्री आणि टेप आहे का ते तीनदा बघितलंस आणि मला म्हणालीस, "दादा, तू जा ना घरी. लोक बघतात." गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. सन २००९, मे महिना. एवढं मला लख्ख आठवतं.

तू दोन वर्षं फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शाळेत शिपायाचं काम करता करता अक्षर बरं राहिलं आहे, तेवढाच उपयोग.

सिद्धगडच्या पायथ्याच्या तुमच्या गावात पोलीस पाटलाच्या परीक्षेत तू पहिली आलीस हे कळलं. आयला सांगितलं तर ती म्हणाली, "पोलीस पाटील? मंजे आता ती मला पन पकडंल?" आणि दिवसभर वाडीत सांगत फिरली. मग दुसरी बातमी कळली, ती तिला सांगितलेली नाही. पडताळणीत पुन्हा तेच निघालं. शहापूरला गुन्हा प्रलंबित. दवाखान्यातली नोकरी गेली तेव्हा जे निघालं होतं तेच. प्रांतसाहेबांनी तुला जानेवारीअखेरची मुदत दिली आहे, तोवर नाव साफ झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, असं दीप्तीने सांगितलं.

दीप्ती म्हणजे वकील. तिशीची पोरगी, सापगावची. दर रविवारी वंदना झाली की आपल्या विहाराच्या पडवीत टेबल टाकून बसते आणि ज्यांच्या नावावर जुने गुन्हे अडकून पडले आहेत त्यांचे कागद बघते. फी नाही. मी तिचे अर्ज लिहून देतो. ही सुरुवात आपल्या शेजारच्या कोंडूमुळे झाली. त्याला वासिंदच्या बाजूला गोदामावर वॉचमनची नोकरी लागत होती. चारित्र्याचा दाखला मागितला तर पोलीस ठाण्यात म्हणाले, तुझ्यावर रास्ता रोकोची केस आहे. कोंडू तिथंच भांडायला लागला, "कोर्टानं मला सोडून अकरा वर्सं झाली! तुमाला कोनी सांगितला नाय काय?"

कोणी सांगितलं नव्हतं. दीप्ती त्याला म्हणाली, "काका, निकाल काही आपण होऊन चालत ठाण्यात जात नाही. तो न्यावा लागतो." मग आम्ही तिघांनी कोर्टातून निकालाची नक्कल काढली, अर्ज जोडला, ठाण्यात दिला, पोच घेतली. सव्वा महिन्यात दाखला हातात. पुढच्या रविवारी कोंडू खाकी कपडे, टोपी, शिट्टी असा सगळा साज करून विहारात आला आणि पोरांसमोर शिट्टी वाजवली. आय आतून ओरडली, "कोंडू, ती शिट्टी आत ठेव. वंदना चाललीय हितं." त्याने शिट्टी ठेवली, पण टोपी काही काढेना.

त्या दिवसापासून माणसं येत राहिली. वाडीवरच्या बुधीने लाकडाच्या मोळीचा दंड वीस वर्षांपूर्वी भरला होता आणि पावती तांदळाच्या डब्यात जपली होती. पावती निघाली, पण अर्धी उंदराने खाल्लेली. नशीब, सहीचा भाग त्याला आवडला नव्हता. बुधी आता आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे. आतापर्यंत एकोणीस जण झाले. तुला सांगतो, एखाद्याच्या हातात दाखला पडतो तेव्हा तो आधी वाचत नाही, उलटा करून मागची बाजू बघतो, तिथं काही लिहिलं आहे का म्हणून. मागे काही नसतं. मग हसतो.

कोंडूचे कागद काढतानाच कळलं की रास्ता रोकोच्या केसमधले गावातले सगळे सुटले, पण पाच नावं "मिळून आल्या नाहीत" म्हणून वेगळी काढून ठेवली होती. पाचही आपल्या गावच्या लेकी. त्यांत तू.

सात नोव्हेंबरला तारीख आहे. बाकी चौघी येणार आहेत. तू ये आणि दीप्तीच्या कागदावर सही कर. बाकीच्यांसारखीच तूही सुटशील. नाव कसं आलं, कुणी दिलं, हे आता उकरून काय मिळणार?

आय बरी आहे. दात एकच राहिला आहे, तो दाखवायला तिला आवडतं.

तुझा
दादा


२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पौर्णिमा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "पत्र मिळालं. अर्धं आहे." चारच शब्द, पण दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तुझ्या वहिनीने ते कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आहे. मी दाढी करताना ते माझ्याकडे बघतं.

राहिलेलं अर्धं लिहितो.

तुझी एसटी गेल्यावर मी घरी गेलो नाही. तानसाच्या रस्त्यावर गेलो. तुला माहीत आहे, तेव्हा आपल्याकडच्या धरणांचं पाणी मुंबईला जायचं आणि आपल्या बायका विहिरीत उतरून वाटीने हंडा भरायच्या. गावानं ठरवलं, रस्ता अडवायचा. कुणबीवाडा, बौद्धवाडा, वाडीवरची माणसं, सगळी एका चटईवर बसली. चार तास एकही गाडी सोडली नाही. कोंडूने भजन म्हटलं, आपल्या पोरांनी भीमगीतं म्हटली, आणि अडकलेल्या ट्रकवाल्यांनी दोन्हींना टाळ्या दिल्या. दुपारी तहसीलदारांनी लिहून दिलं आणि आम्ही उठलो. त्या वर्षी टाकी झाली. चांगलं काम होतं ते. आजही लाज वाटत नाही.

संध्याकाळी पोलीस शाळेपाशी आले. म्हणाले, नावं द्या, गुन्हा नोंदवायचा आहे. पुढारी कोण, ते सांगा. गावानं एकमेकांकडे बघितलं. एकट्यादुकट्याला पुढं करायचं नाही, हे सगळ्यांच्या मनात होतं. मग कोणीतरी म्हणालं, विहीर उपसायला आपण घरटी एक माणूस देतो, बांधाला देतो, तसंच करू. घरटी एक नाव. सगळ्यांना पटलं. आपल्याला वाटलं, केवढा शहाणपणा केला.

मग ओळीनं एकेक घर नाव सांगायला लागलं. प्रेमाच्या बापाची पाळी आली. त्याचा मुलगा रेल्वेच्या भरतीला बसणार होता. तो थांबला आणि म्हणाला, "आमच्या घरातून प्रेमा लिवा." मागून कोणीतरी हसलं, "काय रं, पोरीचा नाव?" तर तो म्हणतो, "पुढच्या म्हैन्यात तिचा लगीन हाय. सासरी गेली का आडनाव बदलला. पोलीस काय वरातीत शोधनार हायेत?"

पोरीला घोर नाही, पोराची भरती वाचली, असं सगळ्यांनाच वाटलं. गुन्हा आडनावाला चिकटतो आणि माप ओलांडलं की गळून पडतो, अशी आमची समजूत. त्याच्या मागून आणखी तीन घरांनी लग्न ठरलेल्या लेकी लिहून दिल्या. वाईट मनानं कोणी दिलं नाही एवढं खरं.

आपल्या घरातून तुझं नाव गेलं.

आता पत्र पुरं झालं असं समज. शुक्रवारी ये.

दादा


२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

पौर्णिमा,

तू आली नाहीस. पण जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सात तारखेला सकाळी शहापूरच्या कोर्टाबाहेर रिक्षा थांबली आणि तीतून प्रेमा, अनिता, रखमी आणि गिरजा उतरल्या. चौघी लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. गिरजाची जाऊ सोबत, तिच्या कडेवर पोर. प्रेमाने डबाभर घावणे आणले होते. दारावरचा हवालदार म्हणाला, "मावशी, कुनाच्या केसला आलात?" प्रेमा म्हणते, "आमच्याच. फरारी आमीच." तो बिचारा कागद बघतो, यांच्याकडे बघतो, पुन्हा कागद बघतो.

पुकारा झाला तो माहेरच्या नावांनी. सोळा वर्षांत त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. रखमीला तर पहिल्यांदा कळलंच नाही. अनिताने कोपर मारलं, "अगो, तूच ती!" प्रेमा शाळेतल्यासारखी ओरडली, "हजर!" न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "इतकी वर्षं कुठं होता तुम्ही?"

"सासरी, बाई."

सरकारी वकीलसुद्धा तोंडावर फाईल धरून हसले. ज्या पुराव्यावर बाकीचा गाव सुटला तोच यांनाही लागू, म्हणून एकवीस तारखेला चौघी सुटल्या. बाहेर येऊन त्यांनी पुन्हा करून आणलेले घावणे वाटले, हवालदारालाही दिले. अनिता आता कंपनीत लागेल, कारण अर्जात आपल्यावर गुन्हा आहे का असा रकाना होता आणि ती दर वेळी तो अर्ज घडी घालून परत आणायची. प्रेमाचा बाप नाही राहिला, नाहीतर त्या दिवशी लेकीने सगळ्यांदेखत त्याला चार शब्द ऐकवले असते. ऐकवून मग घावणा पण दिला असता.

मी त्यांच्यात उभा राहून हसत होतो. दीप्ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, पौर्णिमाताईंना मी मुरबाडला भेटले. वकीलपत्रावर सही केली त्यांनी. पण एक अट घातली."

तुझी अट तिने जशीच्या तशी सांगितली. पुराव्याअभावी सुटका नको. मी तिथं नव्हतेच, हे कागदावर यायला हवं. ज्यानं नाव घातलं त्यानं काढावं.

दीप्तीने विचारलं, "कुणी घातलं, तुम्हाला माहीत आहे का?" मी म्हणालो, बघतो.

दोन वर्षांपूर्वी तू आपल्या ओट्यावर उभी राहून मला हेच विचारलंस. मी म्हणालो, पोलिसांनी कुठून तरी घेतलं असेल. तू म्हणालीस, "दादा, तू खाली बघून बोललास." आणि चप्पल घालून निघालीस. चहा तसाच राहिला.

पौर्णिमा, मी घातलं. पाळी आपल्या घराची आली तेव्हा आपल्या घरातून रस्त्यावर बसलेला एकच माणूस होता आणि तो मी. तुझं तर लग्नही ठरलं नव्हतं. नुसती बोलणी चालली होती. पण माझ्या खिशात शाळेच्या शिपाईपणाचा आदेश होता, जूनमध्ये हजर व्हायचं होतं, आणि चारित्र्याचा दाखला जोडायचा होता. मी म्हणालो, "पौर्णिमा लिहा." ज्या मुलीला सकाळी मीच गाडीत बसवून दिलं होतं, ती दिवसभर रस्त्यावर बसली होती, असं मी सांगितलं. कोंडू माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. तो सोळा वर्षांत एका शब्दानं बोलला नाही.

आता पत्र पुरं आहे.

दादा


२१ डिसेंबर २०२५, रविवार

पौर्णिमा,

तुझं उत्तर नाही. मी मागतही नाही. पण महिनाभर मी काय केलं ते तुला कळायला हवं, कारण तू वाट बघत असशील आणि दिवस जात आहेत.

काही केलं नाही.

दीप्तीला सगळं सांगितलं. ती वकिलासारखं बोलली. "काका, तुम्ही शपथेवर सांगितलंत तर ताईंचं काम एका तारखेत होईल. परीक्षेचं प्रमाणपत्र आहेच, त्यावर तारीख आहे. फक्त नाव कसं आलं याचा खुलासा हवा. पण तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलंत, आणि दाखला जोडून नोकरी घेतलीत, हे तुमच्याच तोंडानं येईल. खात्याकडून चौकशी लागू शकते. तुमची दहा वर्षं राहिलीत. नीट विचार करा." मी विचार करतो म्हणालो. मग अर्ज लिहायला बसलो. दुसऱ्यांचे.

दर रविवारी पंचशील मी म्हणतो आणि सगळे माझ्या मागून म्हणतात. चौथं शील येतं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. सोळा वर्षं मी ते मोठ्या आवाजात म्हणत आलो. मनाशी म्हणायचो, पुढं नाही बोलणार, मागचं मागं. पण मागचं मागं राहिलंच नाही. ते तुझ्या दारात जाऊन बसलं. मागच्या रविवारी चौथ्या शिलाला माझा आवाज निघेना. लोकांना वाटलं घसा धरला. आयने नंतर आल्याचा काढा करून दिला आणि माझ्यासमोर बसली.

"घसा नाय तुझा," म्हणाली. "पोरीचा काय ता सांग."

मी सांगितलं. मला वाटलं रडेल. तिने काढ्याचा पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच प्यायली.

"तुला नोकरी लागली तवा मी गावाला साखर वाटली," म्हणाली. "तिच्या नावाची साखर व्हती काय ती?"

मग तोंड पुसून म्हणाली, "ती पोलीस पाटील झाली का पयला तुलाच पकडंल बघ." आणि हसायला लागली. मला तेव्हा काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. रागावली असती तर बरं, असं नाही. ती हसली हेच बरं झालं. मीही हसलो. तुझी वहिनी आतून बाहेर आली, काय झालं म्हणून. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "शेत आहे, हातपाय आहेत. पण ते कार्ड मला रोज आरशात बघायला लागतं."

उद्या मी मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. जाणार आहे असं मी तुला लिहितो आहे, म्हणजे जावं लागेल.

दादा


२४ जानेवारी २०२६, शनिवार

पौर्णिमा,

सोबत कोर्टाच्या आदेशाची नक्कल आहे. दुसऱ्या पानावर तिसरी ओळ वाच. सदर दिवशी तू मुरबाड येथे परीक्षेस हजर होतीस आणि तुझं नाव चुकीनं नोंदलं गेलं, असं त्यात लिहिलं आहे. तुला वगळलं आहे. पुराव्याअभावी हा शब्द कुठंही नाही. मी चारदा शोधला. मागे ठाण्याची पोच जोडली आहे, तिथल्या नोंदीत दुरुस्ती केल्याचं. तेवढे दोन कागद घेऊन प्रांतसाहेबांकडे जा. एकतीस तारखेला आठवडा आहे, पण तू सोमवारीच जा.

आता कसं झालं ते ऐक.

मुख्याध्यापकांना मी सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "महेंद्र, हे मला वर पाठवावं लागेल." मी म्हणालो, पाठवा म्हणूनच दिलं. ते म्हणाले, "घंटा कोण देणार मग?" काय होईल ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. घंटा सध्या मीच देतो.

मग रविवारी वंदनेच्या आधी विहारात सगळ्यांपुढं सांगितलं. मला वाटलं होतं, आता शील म्हणायला दुसऱ्याला बसवतील. कोंडू दारात उभा होता, ड्यूटीवरून आलेला, टोपीसकट. तो म्हणाला, "आरं, सगल्यांनी दिली व्हती नावं. खरा तू पयला बोललास एवढाच." आणि मग मागून एक म्हातारा उठला, गिरजाचा चुलता. म्हणाला, गिरजाचं नाव मी दिलं होतं. बसला. तेवढंच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, वंदना सुरू कर म्हणून. चौथ्या शिलापाशी मी थांबलो नाही. मागून आवाज नेहमीपेक्षा मोठा आला, किंवा मला तसं वाटलं असेल.

सोळा तारखेला कोर्टात प्रेमा आली होती, तिची केस संपलेली असूनही. म्हणाली, "पौर्णिमाच्या वतीनं कोनी नको काय हसायला?" आयही आली. हवालदाराने तिला खुर्ची दिली, तिने त्याला तिचा दात दाखवला. दीप्तीने तुझ्या गैरहजेरीची परवानगी घेतली होती. तू आली नाहीस हे एका परीनं बरं झालं. तू समोर असतीस तर मी तुझ्याकडे बघून बोललो असतो, आणि मला बाईंकडे बघून बोलायचं होतं.

प्रतिज्ञापत्र वाचून झालं. पोटात एक प्रकारची हलकी भूक लागली होती, लहानपणी पेपर सोडवून बाहेर पडल्यावर लागायची तशी. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतःहून सांगता आहात? कोणाच्या दबावाखाली नाही?" मी म्हणालो, नाही. "परिणाम माहीत आहेत?" वकीलबाईंनी सांगितले आहेत, म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो त्या संध्याकाळी शाळेपाशी पोलिसांनी विचारला होता आणि ज्याच्या उत्तरात मी तुझं नाव देऊन टाकलं होतं.

"त्या दिवशी तुमच्या घरातून रस्त्यावर कोण होतं?"

मी वर बघून सांगितलं, "मी होतो, बाई. महेंद्र. माझं नाव लिहा."

तुझा
दादा